उत्तर आलं नाही

पोरांनो, ऐकायचं तर गप्प बसून ऐका. माझ्या शेजाऱ्याच्या थोरल्या मुलाची गोष्ट आहे. बनवलेली नाही.

तो लिफ्टच्या कारखान्यात होता. कॉम्प्युटर ज्यातून मोटरला हुकूम देतो, तो प्रोग्रॅम लिहायचा. ड्रायव्हर म्हणतात त्या प्रोग्रॅमला. धाकटा भाऊ तिथेच फिटर. आधीचा म्हातारा इंजिनिअर वारला आणि त्याचं काम थोरल्याकडे आलं. म्हाताऱ्याने प्रत्येक हुकमाखाली लिहून ठेवलं होतं, मोटरचं उत्तर आलं नाही तर पडद्यावर बोंब मार, 'उत्तर आलं नाही'.

"पानोपानी रडगाणं! हा बायकोला हाक मारली तरी 'ऐकलंस ना' म्हणून दोनदा विचारत असेल," थोरला हसला. सगळ्या ओळी त्याने उडवल्या. आता उत्तर येवो न येवो, पडद्यावर 'ठीक' यायचं. दिसायला कसं स्वच्छ!

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारची रात्र. रिकाम्या इमारतीत नव्या लिफ्टची चाचणी होती. थोरला वर मोटरच्या खोलीत, लॅपटॉप घेऊन. धाकट्याला लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून स्प्रिंग घट्ट करायची होती.

"दादा, नीट थांबवून ठेव हं," धाकटा फोनवर म्हणाला. "माझं लग्न व्हायचंय अजून."

"उतर रे, भित्र्या. तुला मुलगी देतंय कोण?"

थोरल्याने थांबण्याचा हुकूम दिला. 'ठीक' आलं. पण त्याच्याखाली, त्याने स्वतः उडवलेली ओळ उभी होती.

उत्तर आलं नाही.

त्याने ती पुसली. ती परत आली.

"मेलास तरी पिच्छा सोडत नाहीस?" पुन्हा पुसली.

मागे कोणीतरी खोकलं. म्हाताऱ्याचाच खोकला, कोरडा… त्याने वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

उत्तर आलं नाही.

"दादा… मी खाली आहे. थांबलीय ना?"

'बाहेर ये' म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मेलेल्या माणसापुढे हार कशी मानायची? त्याने ओळ पुसली.

"थांबलीय."

मोटर फिरली.

"दादा…"

मग काहीच नाही.

मशीन बिघडली, असं सगळे म्हणाले. त्यानेही तेच सांगितलं. आईलासुद्धा.

लिफ्ट भंगारात गेली. मोटर वितळवली. परवा त्याने तो लॅपटॉप उघडला. कशालाही जोडलेला नव्हता. त्या रात्रीच्या थांबण्याच्या हुकमाखाली उत्तर आलेलं होतं.

थांबलो, दादा.