चुलीभोवतीची ओल

एप्रिल महिना, विहिरीचा तळ दिसू लागलेला, आणि तरीही तेरेसाच्या स्वयंपाकघरातली एक भिंत ओलीच होती. १९९९ सालची ही गोष्ट. वसई गावातलं हे कौलारू घर. बाकीच्या भिंती इतक्या कोरड्या की खिळा ठोकला तर चुन्याची भुकटी गळायची. ओल होती ती फक्त जुन्या चुलीच्या भोवती. तेरा वर्षांपूर्वी घरात गॅस आला, तेव्हा त्या चुलीचं तोंड विटांनी बुजवलं होतं आणि वरचं धुराडंही पत्र्याने बंद केलं होतं.

मार्सेल अंकलनी भिंतीला बोट लावलं आणि पँटला पुसलं. "पाया सडलाय. खालून पानी चढतंय. बिल्डरला सही देऊन टाकू, तेरेसा. एक फ्लॅट तुला, एक मला."

नवरा गेल्यापासून तेरेसा थोरल्या दिरासमोर फारसं बोलत नसे. बोलली ती तिची मुलगी. प्रिसिला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि वालीवला रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला होती.

"पाया ठीक आहे, अंकल. भिंत मी सुकवते."

"तू? थापी धरलीयस का कधी हातात?"

"पावसाच्या आत सुकली तर सहीचा विषय परत काढायचा नाही."

"आणि नाही सुकली तर?"

"तर आईला मीच सही करायला लावीन."

तेरेसाने मुलीकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

प्रिसिलाने गिलावा खरवडला, टेबलफॅन लावला आणि ओलीच्या कडेला रोज पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की जमिनीलगतची वीतभर भिंत कोरडीच आहे. म्हणजे ओल खालून चढत नव्हती. चुलीच्या तोंडापासून निघून ती वर आणि दोन्ही बाजूंना पसरत होती. थेंबही दिवसभर नसत. सकाळी अकराच्या सुमाराला धरत आणि संध्याकाळी सातला.

रविवारी तिने ते थेंब परीक्षानळीत गोळा केले आणि कारखान्यातून आणलेलं सिल्व्हर नायट्रेट थेंबभर घातलं. पाण्यात मीठ असेल तर ते दुधासारखं होतं. या गावात विहिरीचं पाणी मचूळ, गिलाव्यात किनाऱ्यावरची वाळू. विहिरीचं पाणी पहिल्याच थेंबाला पांढरं झालं. भिंतीचं पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं. तिने आणखी पाच थेंब घातले. तरी तसंच.

तिने वहीत लिहिलं : हे पाणी जमिनीतलं नाही. ही वाफ आहे.

लिहिलेलं पुन्हा वाचलं. खोडलं नाही.

"आई, चूल बुजवली त्या दिवशी आत काय होतं?"

"काय असनार? विस्तव होता. चुलीवर पानी ओतायचं नसतं, बाय. निखाऱ्यांवर राख लोटली आणि गवंड्याला म्हटलं, लाव विटा."

"पेटता विस्तव?"

"विझला असेल की. तेरा वर्षं झाली."

प्रिसिलाने छिन्नीने दोन विटा काढल्या. ऊन हवा तोंडावर आली. त्या हवेला वास होता. नुकतीच उकळी आलेल्या तांदळाच्या पेजेचा. तिने हात मागे घेतला. मग दात आवळून उरलेल्या सगळ्या विटा काढल्या.

आत भांडं नव्हतं. तीन दगड, आणि त्यांच्यामध्ये राख. इतक्या ओलीत राखेचा दगड व्हायला हवा होता. ही पिठासारखी भुसभुशीत होती, आणि तिच्यावर बोटांनी सारवल्याच्या रेघा होत्या.

तिने सळईने राख थोडी बाजूला केली.

खाली लाल होतं.

तेरेसाने क्रुसाची खूण केली. "फादरना बोलावू?"

"फादर धुराडं उघडणार आहेत का? शिडी धर, आई." तिने सळई खाली ठेवली. "वाफ कुठनं येते ते मला माहीत नाही. तिला बाहेर जायला वाट नाही, एवढं माहीत आहे. आणि हे घर मी कुणाला देणार नाही. अंकलला नाही, आणि..." तिने चुलीकडे बघितलं. "हिलाही नाही."

तिने पत्रा उचकटला. चुलीचं तोंड उघडंच ठेवलं.

बारा दिवसांत भिंत सुकली.

मे संपता संपता अंकल आले. त्यांनी नव्या गिलाव्यावर तळवा दाबून धरला, मग उलटा करून बघितला. कोरडा.

"सुकली," ते नाइलाजाने म्हणाले. मग त्यांनी वास घेतला. "पेज कुणासाठी? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. विषय संपला ना, अंकल?"

त्यांनी बिल्डरचा कागद घडी करून खिशात घातला. "संपला."

त्यांना फाटकापर्यंत सोडून प्रिसिला आत आली. तेरेसा स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

चुलीच्या तोंडाशी, बाहेर स्वयंपाकघराच्या लादीवर, एक काळी खापरी ठेवलेली होती. तिच्यात राख, आणि राखेत एक निखारा. घरात असली खापरी कधीच नव्हती.

"आमच्या लहानपनी असाच द्यायचे," तेरेसा हळूच म्हणाली. "शेजारीन विस्तव मागायला आली की."

"मी काही मागितलं नाही."

तेरेसाने एकदा चुलीकडे बघितलं. मग, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलली. "परत करताना रिकामी देऊ नकोस, बाय."

प्रिसिलाने निखारा पक्कडीने उचलून बशीत घेतला, खापरीत मूठभर तांदूळ घातले आणि ती चुलीशी वाकली.

आत, राख बाजूला सारून, खापरीएवढी गोल जागा आधीच करून ठेवलेली होती.