दहाव्यांदा न वाजलेली घंटा

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढच्या पोस्टवर जा. मला कुणाचे पाय धरायचे नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलीय. आणि रात्री-बेरात्री नाही हं. शुक्रवारी, भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. तिच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, लख्ख उजेडात.

ताई सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. त्यामुळे ऑफिसात तिचं नाव पडलंय ‘आडकाठी’. तिला ठाऊक आहे. म्हणते, "पडू दे. मला पगार त्याचाच मिळतो."

तिच्या साहेबाचंही नाव पडलंय. ‘होऊन जाईल’. त्याला काहीही विचारा, एकच उत्तर. "होऊन जाईल हो, मॅडम!" आग लागो त्याच्या जिभेला.

तर काम होतं एका हॉस्पिटलचं. पेशंटच्या बोटाला चिमटा लावायचा. त्याच्या नाडीची रेघ नर्सच्या खोलीतल्या मोठ्या स्क्रीनवर दिसते. नाडी घसरली, की घंटा वाजते.

वाजायलाच पाहिजे.

काम सुरू व्हायच्या आधीच ताईनं त्याची योजना लिहिली होती. ‘चांगलं झालं’ असं कशाला म्हणायचं, ते कोण तपासणार, किती दिवस तपासणार, आणि काय दिसलं तर सरळ थांबायचं. एका जरी माणसाची घंटा चुकली, तर प्रोग्रॅम बाहेर जाणार नाही, असं तिनं स्वच्छ लिहिलं होतं. साहेबानं हसत हसत सही केली. गिऱ्हाइकाला दाखवायला छान कागद मिळाला ना!

मग तारीख जवळ आली. आणि साहेबानं त्याच योजनेला कात्री लावायला घेतली.

"दोन पेशंटची नाडी एकाच क्षणी घसरली तर? हे कशाला तपासायचं, मॅडम? सिनेमे जास्त बघता का?"

ताई भांडली. मोठ्या साहेबांपर्यंत गेली. सगळे मूग गिळून बसले.

प्रोग्रॅम गेला.

पहिल्याच महिन्यात त्या वॉर्डात दोघांची नाडी एकदम घसरली. एकाची घंटा वाजली. सिस्टर त्याच्याकडे धावली, त्याला वाचवलं. दुसरा एक शिंपी होता. साधं ऑपरेशन झालेलं, दोन दिवसांत घरी जाणार होता. त्याची घंटा वाजलीच नाही. बायको दाराबाहेरच्या बाकावर बसली होती, आणि आत तो मुकाट्यानं गेला.

कंपनीनं काय लिहून दिलं माहितीय? ‘यंत्रणा व्यवस्थित होती. नर्सचं लक्ष नव्हतं.’

त्या सिस्टरची चौकशी झाली, तिला उचलून लहान मुलांच्या वॉर्डात टाकलं. साहेबाच्या केसालाही धक्का लागला नाही.

आता ऐका. तोच प्रोग्रॅम सोमवारी त्या लहान मुलांच्या वॉर्डात लागणार होता.

चूक ‘दुरुस्त’ केली होती म्हणे. ताईनं दोन चिमटे दोन बोटांना लावले आणि, नाडी घसरल्यासारखं व्हावं म्हणून, एकदम काढले. दोन्ही घंटा वाजल्या. परत केलं, परत वाजल्या. पण दहा वेळा केलं, की एकदा कधीतरी दुसरी घंटा गप्प. का, ते कुणालाच सांगता येईना. तिनं दोन आठवडे मागितले.

"अहो, नऊ वेळा वाजते ना!" साहेब म्हणाला.

"आणि दहावं बाळ कुणाचं, सर?"

"तुम्ही फार भावनिक होता. शुक्रवारी मुलांच्या वॉर्डातल्या त्या सिस्टर येणार आहेत, त्यांच्यासमोर सही करा. होऊन जाईल."

तर तो शुक्रवार.

ताई चाचणीच्या खोलीत एकटी बसली होती. एक टेबल, त्यावर ओळीनं पडलेले चिमटे, एकेका खाटेच्या नंबराचे, समोर स्क्रीन. कुठल्याच चिमट्यात बोट नाही. म्हणजे स्क्रीन कोरा.

बाहेर लोक जेवून परतत होते. खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी फोनवर हसत होतं.

आणि मग...

काहीच ऐकू येईना.

आवाज हळूहळू कमी नाही झाले. एकदम गेले. एसीची घरघरसुद्धा. ताईनं टेबलावर बोटानं टकटक केली, तर तेवढीच ऐकू आली.

स्क्रीनवर एक रेघ हलली...

दुसऱ्या खाटेची. वर, खाली. वर, खाली. निवांत झोपलेल्या माणसाची असते तशी नाडी.

ताईनं चिमटा उचलून बघितला. रिकामा. तिला वाटलं, वायर खराब असेल. तिनं वायरच उपटली.

रेघ चालूच...

वायर तिच्या हातात लोंबतेय आणि समोर कुणाचं तरी काळीज धडधडतंय.

मग पहिल्या खाटेचीही रेघ सुरू झाली. दोन्ही एकदम घसरायला लागल्या. पहिलीची घंटा वाजली. दणदणीत. दुसरीची नाही. ताई ओरडली, "वाज ना! वाज गं बाई!" तिनं टेबलावर मूठ आपटली. दुसरी रेघ खाली खाली गेली, आडवी झाली, आणि घंटा वाजली नाही ती नाहीच.

तेव्हा तिच्या उजव्या बाहीला कुणीतरी हात लावला...

ओढलं नाही. बाहीचं कापड दोन बोटांत धरून जरासं चोळलं. दुकानात पोत बघतात ना, तसं. आणि सोडून दिलं.

मागे कुणी नव्हतं.

आवाज परत आले. दार उघडलं. साहेब आणि सिस्टर आत आले. स्क्रीन कोरा.

ताईनं घडलं ते सांगितलं. साहेब हसला. "मॅडम, सुट्टी घ्या दोन दिवस. आधी सही करा, मग घ्या."

"नाही करणार."

"तुम्ही नाही केली तर मी करेन."

"करा. त्या शिंप्याच्या वेळेलाही तुम्हीच केली होती! या बाईंच्या तोंडावर सांगा, चूक त्यांची होती म्हणून. सांगा ना!"

साहेबाचा चेहरा लाल झाला. "उगाच तमाशा नको. चालतंय सगळं. हे बघा." त्यानं पहिल्या खाटेचा चिमटा उचलून स्वतःच्या बोटाला लावला.

स्क्रीनवर रेघ आली...

आडवी. सरळसोट.

आणि घंटा वाजली नाही.

साहेबानं चिमटा झटकला, पुन्हा लावला. तेच. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तेच. "चिमटे खराब आहेत," तो म्हणाला. सिस्टरनं तोच चिमटा स्वतःला लावला. रेघ छान चालली. काढला, घंटा वाजली. ताईनं लावला. तसंच. साहेबानं लावला, की आडवी.

आता त्याच्या कपाळावर घाम होता. सिस्टरनं त्याचं मनगट धरलं, डोळे मिटले, नाडी पाहिली.

"नाडी लागतेय," ती म्हणाली. "तुम्ही ठणठणीत आहात."

"मग घंटा का वाजत नाही?" साहेब किंचाळला. "मला काही झालं तर कळणार कसं?"

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "हेच मी चौकशीत विचारलं होतं, साहेब. तुम्ही तेव्हा फोन बघत होता."

आणि ती दाराकडे वळली. "हे यंत्र माझ्या पोरांना लागणार नाही," म्हणाली, आणि गेली.

ताईला तिचे दोन आठवडे मिळाले. दुसरी घंटा का चुकायची तेही सापडलं, दुरुस्त झालं. आता शंभर माणसं आणा, दोन-दोन, चार-चार, कशीही. प्रत्येकाची घंटा वाजते.

त्या एकाची सोडून.

बाहेरच्या दवाखान्यातली यंत्रं त्याला नीट दाखवतात. डॉक्टर म्हणतात, तब्येत उत्तम आहे. फक्त या स्क्रीनवर तो आडवाच.

मी ताईला म्हटलं, "अगं, देऊन टाक ना बाहेर. एका नालायक माणसापायी किती अडवून धरशील? भोगू दे की त्याला!"

ती माझ्यावरच खेकसली. "मलाही तेच वाटतं. रोज वाटतं. त्याचं तोंड बघितलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण मीच लिहिलंय ना, एकाचीही चुकली तर थांबायचं म्हणून? त्यात ‘चांगल्या माणसाची’ असं लिहिलेलं नाही."

तिनं अजून सही केलेली नाही. मुलांच्या वॉर्डात सिस्टर आणि तिच्या हाताखालच्या नर्सपोरी अजून पायीच फेऱ्या मारतात, एकेक मनगट हातात धरून.

साहेब आता कुणाशी फारसं बोलत नाही. रोज सकाळी ऑफिसात आला, की आधी चाचणीच्या खोलीत जातो, ताईसमोर बसतो आणि बोट पुढे करतो. ती चिमटा लावते. दोघंही स्क्रीनकडे बघतात. मग तो उठून जातो.

परवा मी तिला विचारलं, तुला भीती नाही का वाटत?

"त्याचं बोट गरम असतं गं," ती म्हणाली. "तुझ्यामाझ्यासारखंच. एखाद्या दिवशी ते गार लागेल, आणि समोर त्या स्क्रीनवर काहीच बदललेलं नसेल."