पाचव्या रूममधल्या मॅडम

चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या विद्युलताबाई विद्यापीठाचा ऑनलाइन वर्ग घ्यायच्या. गटात बसून एकमेकांना शिकवायचं, अशी नवी पद्धत. बाईंनी पोरांचे पाच गट पाडले आणि प्रत्येकाला स्क्रीनवरची एकेक रूम दिली. चार रूममध्ये बोलकी, चुणचुणीत पोरं. जी कॅमेरा लावत नाहीत, इंग्रजीत अडखळतात, ती सगळी पाचवीत. गाळ खाली बसतो तशी. आणि खोटं कशाला बोलू, अख्ख्या सत्रात बाईंनी त्या रूममध्ये एकदाही डोकावलं नाही.

शेवटच्या तासाला मार्क द्यायचे होते. पाचवीला शून्य, हे मनात ठरलेलंच; पोरांचं वर्ष जाणार होतं. पण आत न जाताच शून्य देणं बाईंच्याही घशाखाली उतरेना. कत्तिरीचं, म्हणजे ऐन मे महिन्यातलं रणरणतं ऊन, शेजारच्या खोलीत सासूबाई राजसबाईंचं घोरणं. बाईंनी बटण दाबलं.

आत नुसते काळे चौकोन. आणि कुणीतरी शिकवत होतं. सावकाश, मायेनं.

"परत सांग रे कन्ना, माझ्या बाळा, घाई नाही."

बाई स्क्रीनजवळ सरकल्या. आवाज खुद्द बाईंचाच होता... फक्त असं त्या कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या.

"कोण... कोण शिकवतंय इथं?"

मग एक मुलगी दबकत म्हणाली, "आमच्या मॅडम. प्रत्येक तासाला असतात. तुम्ही कोण, अक्का?"

"अगं, मीच तुमची मॅडम!"

कुणीतरी खुदकन हसलं. "मग माझं नाव सांगा ना..."

बाईंनी चौकोनांवर नजर फिरवली. एकाखालीही नाव नव्हतं. आणि आठवायचं म्हटलं तर एकही आठवेना. कान तापले. मान आपोआप खाली गेली.

"छळू नकोस गं तिला, हरिप्रिया," तो आवाज म्हणाला. "नवीन आहे ती. लाजलीय बिचारी."

लॅपटॉपवरचा कॅमेऱ्याचा दिवा विझला, बाईंचाही चौकोन काळा झाला. बाई बोलायला गेल्या... आवाज फुटेना. बाहेर पडायचं बटण शोधलं... नव्हतंच.

पाचवी रूम झाडून सगळी पास झाली. राजसबाई शेजारणींना सांगतात, "आमची सूनबाई किती गोड बोलते हो हल्ली!" नव्या सत्रात नवी पोरं आली, बाई प्रत्येकाला नावानं हाक मारतात. पाचव्या रूममध्ये मात्र एक काळा चौकोन नेहमीच जास्तीचा असतो. बाई त्याच्यापाशी थांबतात, मायेनं म्हणतात, "बोल ना गं... लाजतेस काय?"