जुन्या गॅलरीवरचा बोअर

अनिश, तो गच्चीवरचा दिवा बंद कर, किडे येतात. आणि भैरवी, मध्ये हसायचं नाही. हसायचंच असेल तर आत्ता हसून घे.

गौरांगला तुम्ही ओळखता. दिवाळीला चिवड्याचा डबा घेऊन येतो ना, तोच. मी प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आणि माझी बाहेरगावची कामं त्याच्याकडे गेली. हे त्याच्या बाबतीत घडलं. दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर बसून त्यानं सांगितलं. पुढ्यातला चहा गार झाला, तरी उचलला नाही.

पारशिवनीच्या पलीकडे एक भूमिगत कोळसा खाण आहे. नाव नको. खालून कोळसा काढत गेलं की वरच्या विहिरींचं पाणी उतरतं, कधी नासतं. म्हणून आमचा माणूस वर्षातून काही वेळा जाऊन पातळी मोजतो, बाटल्यांत नमुने भरून आणतो. काम अगदी साधं. लांब फितीच्या टोकाला बोटाएवढी धातूची कांडी असते. फीत बोअरमध्ये सोडायची. कांडी पाण्याला टेकली की वरची चक्री पीं करून वाजते. फितीवरचा आकडा बघायचा, की झालं.

हे माप गौरांग रात्री घ्यायला गेला होता. रात्री कशाला म्हणतेस? बरोबर आहे. शेतातल्या मोटारी चालू असल्या की पाणी ओढलं जातं आणि माप खोटं येतं. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्री अकरापर्यंत होती. मोटारी थांबल्यावर पाणी जागेवर येऊ द्यायचं आणि मग मोजायचं. मागच्या वर्षीची अक्षय्य तृतीया होती. बाकीचे बोअर आटोपून गौरांग शेवटच्या बोअरवर पोहोचला, तेव्हा साडेबारा होऊन गेले होते.

हा बोअर जिजाबाईंच्या गोठ्यामागे आहे. कोळसा काढून झालेल्या बोगद्याला खाणीत गॅलरी म्हणतात. अशाच एका जुन्या, पाण्यानं भरलेल्या गॅलरीत हा बोअर उतरतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या गॅलरीत अचानक पाणी घुसलं. बाकीच्यांची प्रेतं मिळाली. जिजाबाईंचे मालक, नत्थूजी, मिळाले नाहीत. पुढे गॅलरीचं तोंड भिंत बांधून बंद केलं. बापाच्या जागी मुलगा देवाजी लागला. त्या रात्री त्याची पाळी होती, त्याच भिंतीच्या अलीकडे.

म्हातारी जागीच होती. त्या दिवशी आपल्याकडे पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तशी तिनं नत्थूजींच्या नावानं भरली होती.

"तू काहून अशा रात्री फिरून राहिला गा? बायको घरात घेत नाही का?" तिनं विचारलं.

"लग्नच नाही झालं, मावशी."

"मंग बराबर हाये. भुतं आन् बिनलग्नाचे, दोघंही रातीच फिरते."

गौरांग हसला. बोअरचं झाकण काढलं. फीत सोडली.

जानेवारीत पाणी चाळीस मीटरवर लागलं होतं. चाळीस आलं, चक्री गप्प. पन्नास... गप्प. साठ... काही नाही. फीत सैल पडली. कांडी तळाला टेकली होती. पाणी नव्हतंच.

त्याला वाटलं, यंत्र बिघडलं. फीत गुंडाळून त्यानं कांडी पाण्याच्या बाटलीत बुडवली. पीं. यंत्र ठीक होतं.

त्यानं पुन्हा फीत सोडली. या वेळी ती वीस मीटरवरच वाजली.

टॉर्च मारला. बोअरचा लोखंडी पाइप कोरडा. फीत वर घेतली. कांडी कोरडी.

पुन्हा सोडली. दहावर वाजली.

पुन्हा. चारवर.

पाणी नव्हतं. पण कांडी कशाला तरी टेकत होती. आणि ते... वर येत होतं.

गौरांगनं फीत ओढून घेतली. गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. मग पाइप वाजला. आतून. लोखंडावर लोखंड.

टण्... टण्... टण्.

थांबला. पुन्हा तसाच. तीनदा.

जिजाबाई पुढे आल्या. खाली बसून त्यांनी पाइपाला कान लावला. मग डोक्यावरून पदर घेतला. बाई घरच्या माणसासमोर घेते, तसा.

"खाणीतली खूण हाये ही. एक टोला म्हंजे थांबा," त्या हळू बोलल्या. "दोन म्हंजे खाली सोडा. तीन म्हंजे... माणसं वर घ्या. खाटेच्या दांडीवर वाजवून शिकवलं होतं मले."

"कोणी?"

त्यांनी पाइपावर तळवा टेकवला.

"मावशी, कोणी?"

"फोन लाव. माहा देवाजी खाली हाये."

गौरांगनं खाणीच्या कंट्रोल रूमला फोन लावला. भुताचं काय सांगणार? खरं होतं तेच सांगितलं, की जुन्या गॅलरीतलं पाणी गेलं आहे. पलीकडचा माणूस पेंगुळलेला.

"उन्हाळ्यात पाणी उतरतेच ना, भाऊ. सकाळी सांगजा सायबाले."

"उतरलं नाही. गेलंच आहे. गेलं कुठे, ते बघा. भिंतीजवळ माणसं आहेत तुमची."

"अर्ध्या राती पाळी थांबवू का, तुह्या फितीसाठी?"

जिजाबाईंनी त्याच्या हातातला फोन घेतला आणि पाइपाच्या तोंडाशी धरला.

टण्... टण्... टण्.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो माणूस वेगळ्याच आवाजात बोलला.

"...कुठून बोलून राहिले तुम्ही?"

"नत्थूजीच्या गोठ्यामागून," जिजाबाई म्हणाल्या.

फोन बंद झाला. थोड्या वेळानं खाणीचा भोंगा वाजला. जिजाबाई पाइपाशी बसूनच राहिल्या. आतून पुन्हा आवाज आला नाही, तेव्हा गौरांगनं त्यांना खाणीच्या तोंडाशी नेलं.

माणसं उताराच्या रस्त्यानं चालत वर आली. सगळी. शेवटचे निघाले तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं. ते वर पोहोचतात तोच खाली भिंत फुटली. बोअरखालून गेलेलं पाणी उतारानं सरकून तिच्यावरच रेटत होतं, फटींतून गळत होतं. देवाजीला त्याच्या आईनं लगेच जवळ घेतलं नाही, त्याच्या पाठीमागे बघत राहिली. मग म्हणाली, "मांगं कोण होतं तुह्या?"

देवाजी रांगेत सगळ्यात शेवटी होता. त्याच्या मागे कोणीच असणं शक्य नव्हतं.

"होतं कोणी तरी," तो म्हणाला. "पाण्यात पाय उचलून टाकल्याचा आवाज येत होता. मी थांबलो की थांबे. खांद्यावर हात ठेवला, तो... वर येईपर्यंत काढला नाही. मी वळून नाही पाह्यलं, माय."

गौरांग तिथेच उभा होता. त्यानं देवाजीच्या पाठीकडे बघितलं नाही. मला म्हणाला, "काका, हिंमतच झाली नाही."

खाणीत उतरताना प्रत्येकाला बत्तीघरातून टोपीला लावायचा दिवा मिळतो. वर आलं की तो परत करायचा. त्या पहाटे बत्तीघरातल्या माणसानं आलेले दिवे फळीवर लावले, तर एक जास्त भरला. जुन्या बनावटीचा, जड बॅटरीचा. तसले दिवे आता कोणाला देतच नाहीत. तो कोणी आणून ठेवला, हे कोणी पाहिलं नाही. त्याच्या वायरीतून काळं पाणी ठिबकत होतं.

आणि तो... चालू होता.