तोलकडं

कोरेमाळच्या यमगरवस्तीवर शिरल्यावर आरोग्यसेविका वनिता करे आधी माणसांचे पाय बघायची, मग तोंडं. म्हातारी माणसंही सरावली होती. ती दिसली की उंबऱ्याशी येऊन बसत आणि न सांगता डावा पाय पुढे करत. घोट्याच्या वर बोटभर रुंदीचं राखाडी कडं असे आणि त्यावर मसुरीच्या दाण्याएवढा दिवा. दिवा हिरवा असला की वनिता हसून पुढच्या घरी जायची. पिवळा असला की तिथे टेकायची. लाल असला की घरच्यांना बाहेर बोलवायची.

सरकारी कागदावर त्या यंत्राचं नाव लांबलचक होतं. वस्तीनं त्याला तोलकडं म्हणायला सुरुवात केली आणि पुढे कागदावरही तेच नाव चढलं. कड्याला ना सेल लागायचा ना चार्जिंग, ते अंगाच्या उबेवर चालायचं. पाऊल किती लांब पडलं, किती वेळ हवेत राहिलं, वळताना अंग किती कललं, हे सगळं ते टिपायचं. मग चाळीस हजार वृद्धांच्या चालीशी ताडून बघायचं आणि हे माणूस येत्या तीस दिवसांत पडण्याचा संभव शंभरात किती, ते सांगायचं. तिसाच्या वर आकडा गेला की दिवा लाल, घरच्यांच्या फोनवर संदेश आणि वनिताच्या टॅबवर नोंद.

वनिताचा कड्यावर जीव होता, त्याला कारण होतं. कडं येण्याआधीच्या एकाच वर्षात वस्तीवरची चार म्हातारी माणसं पडली होती. त्यांत तिची सासूही होती. खुबा मोडला, हाडांचा दवाखाना सत्तर किलोमीटरवर, आणि पाचव्या आठवड्यात सासू गेली. आरोग्यसेविकेच्या घरातली बाई अंगणात पडून गेली, हे वनिताच्या मनातून कधी उतरलं नाही. कडं आल्यापासून अकरा महिन्यांत वस्तीवर एकही माणूस पडलं नव्हतं.

आश्विनातल्या एका सकाळी तालुक्याहून डॉक्टर तेजस्विनी बनकरांचा फोन आला. वृद्धांच्या आरोग्याचं काम त्यांच्याकडे होतं.

"वनिताताई, तुमच्या तायवा यमगर शहात्तर वर्षांच्या ना? सहा आठवडे त्यांचा दिवा हिरवा आहे. आकडा तीन! माझासुद्धा तीन येणार नाही. त्या काय खातात, किती चालतात, जरा बघून या. बैठकीत सांगू सगळ्यांना."

वनिता हौसेनं तायवाच्या घरी गेली, तर दाराला कडी. शेजारच्या घरात तायवाची धाकटी जाऊ सुंद्राबाई खाटेवर पडून होती. तिचा मुलगा सोपान आईला ऊन येऊ नये म्हणून खिडकीला पोतं बांधत होता.

"तायवा आत्याबाई कुठं गेल्या?" वनितानं विचारलं.

सुंद्राबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "मला काय ठावं? मी हितं पडल्याली."

आलीच आहे तर हिचे पाय बघावेत म्हणून वनितानं वाकळ वर सारली आणि तिचा हात तिथेच थांबला. सुंद्राबाईच्या डाव्या घोट्यावर तिचं कडं होतं. उजव्या घोट्यावर आणखी एक होतं. दोन्ही दिवे हिरवेगार.

तायवा अकराच्या सुमाराला माळावरून आली. पुढे पाच-सात मेंढ्या, हातात काठी, पायात टायरच्या वहाणा आणि घोटे उघडे. वनिताला दारात उभी बघून ती क्षणभर थबकली, मग मेंढ्या वाड्यात कोंडून शांतपणे समोर येऊन उभी राहिली.

"सापडलं व्हय तुला?"

"आत्याबाई, हे काय केलंत? माळावर पडला असतात तर कुणाला कळलं असतं का?"

"तुझं कडं पिवळं झालं तवा सुनेनं मला वट्ट्याखाली उतरू दिलं न्हाई. लाल झालं असतं तर हिच्यासारखं खाटंला खिळवलं असतं. म्हनून काढलं. आदी मेंढीला बांधून बघितलं, तर घटकाभरात लाल. मग काठीला बांधलं, तर इझूनच गेलं. त्याला जित्ता पाय लागतो, आन् त्योबी माणसाचा. हिचे पाय काय, रिकामंच हुते."

"पण मग ते हिरवं कसं राहिलं?"

तायवानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अजाण पोराकडे पाहावं. "झोपल्यालं माणूस कुठनं पडंल गं, वनिते?"

वनिता आत गेली, सुंद्राबाईच्या खांद्याखाली हात घालून तिला बसवलं आणि म्हणाली, "काकी, जरा उभ्या राहता का?" सुंद्राबाईनं खाटेची कड धरून जोर लावला. गुडघे थरथरले, अंग वीतभर उचललं गेलं आणि पुन्हा खाटेवर बसलं. वनितानं तिची पोटरी हातात धरून पाहिली. चिंधीसारखी मऊ लागली. पाच महिन्यांपूर्वी हीच बाई हापशावरून दोन दोन घागरी आणायची.

चैत्रात हिचं कडं लाल झालं, तेव्हा एकटीला सोडू नका, असं वनितानंच सोपानला बजावलं होतं. सोपान गुणाचा मुलगा. त्यानं नवी खाट आणली, जेवण जागेवर दिलं, आईला उठूच दिलं नाही. कडं आधी पिवळं झालं, मग हिरवं. टॅबवर त्या रकान्यात वनितानं स्वतःच्या बोटांनी लिहिलं होतं: सुधारणा.

दुपारभर ती एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन वस्तीवर हिंडली. खुर्चीत बसायचं, हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायचं, एवढीच परीक्षा. जुन्या प्रशिक्षणात शिकवलेली. कडं आल्यापासून कुणी घेत नव्हतं. हिरव्या दिव्याची चौदा माणसं होती. त्यांतल्या नऊ जणांना एकदासुद्धा उठता आलं नाही. लाल दिवा असून घरच्यांना न जुमानणारे तिघं होते, त्यांतले दोघं झटक्यात उठले. तिसऱ्यानं गुडघा दुखतो म्हणून खुर्चीवर बसायलाच नकार दिला.

संध्याकाळी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"कडं चुकलेलं नाही, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "हे माणूस पडेल का, एवढंच आपण त्याला विचारलं. त्यानं बरोबर उत्तर दिलं."

"आणि चांगल्या चालणाऱ्यांचं लाल का होतं?"

"ती चाळीस हजार माणसं शहरातली. गुळगुळीत फरशीवर चालवून त्यांची चाल नोंदवलीय. तुमची माणसं आयुष्यभर दगडधोंड्यांवरून पाऊल चाचपत टाकत आली. कड्याला ते अडखळणं वाटतं."

"मग आता काय करू?"

"त्यांना उठवावं लागेल. रोज थोडं, आधार देऊन, खाण्यात अंडं-दूध वाढवून. पण ताई, इतके महिने पडून असलेली माणसं उठवताना कुणी पडलं, तर ते आपल्यावर येईल. तुमच्यावर आणि माझ्यावर."

फोन ठेवल्यावर वनिता बराच वेळ वट्ट्यावर बसून राहिली. सासू पडली ती जागा तिथून चार पावलांवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुंद्राबाईच्या दारात गेली.

"वहिनी, पडली तर?" सोपाननं तिची वाट अडवून विचारलं.

पडणार नाही, असं म्हणणं सोपं होतं. वनिता म्हणाली, "पडतील कदाचित. मी हात धरीन. पण अशाच पडून राहिल्या, तर दिवाळीपर्यंत कुशीवरही वळता येणार नाही."

सोपान बाजूला झाला, पण त्याचं तोंड उतरलं होतं.

पहिले चार दिवस नुसतं खाट धरून उभं राहणं. मग दारापर्यंत. मग उंबरा ओलांडून अंगणात. तायवा रोज हजर असायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. "नवरीसारखी काय पावलं टाकतीस? माझ्या म्हाताऱ्या मेंढीला बी लाज वाटंल!" सुंद्राबाई आधी रडायची, नंतर चिडायची. पंधराव्या दिवशी तिनं उलटून शिवी दिली, तेव्हा वनिताला पहिल्यांदा वाटलं, जमतंय.

या सगळ्या दिवसांत सुंद्राबाईचं कडं लालच होतं. आकडा चढत चाळिसाच्या पुढे गेला. वनिता रोज तो बघायची आणि रोज तिचा हात धरायची.

चोविसाव्या दिवशी वनिता शेजारच्या वस्तीवर लसीकरणाला गेली होती. सुंद्राबाई एकटीच मेंढ्यांच्या पाण्याच्या कुंडापर्यंत गेली आणि ओल्या दगडावरून घसरली. खुबा वाचला. मनगट मोडलं.

"यंत्र सांगत हुतं," सोपान दवाखान्याच्या दारात वनिताला म्हणाला. तो ओरडला नाही, त्यामुळे तिला जास्त लागलं. "तुमाला दिसत हुतं. तरी उठवलंत तुमी तिला."

वनितानं मान खाली घातली. पुढचे तीन दिवस ती त्या घराकडे फिरकली नाही.

चौथ्या दिवशी तायवाच तिला हाताला धरून घेऊन आली. सुंद्राबाई गळ्यात प्लॅस्टरचा हात अडकवून अंगणात बसली होती. सोपान आईला आत चल म्हणून विनवत होता. खाट त्यानं पुन्हा अंथरून ठेवली होती.

"आई, हात बरा हुईस्तवर तरी पड."

"सोपाना," सुंद्राबाई म्हणाली, "पाच म्हयनं मी पडले न्हाई. त्या पाच म्हयन्यांत मी काय काय केलं, त्येवढं सांग बरं मला."

सोपान आठवत राहिला. तो तिच्या शेजारी खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. सुंद्राबाई चांगल्या हातानं त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

महिन्याभरानं डॉक्टर बनकर स्वतः वस्तीवर आल्या. त्यांच्याबरोबर आलेली दोन माणसं दिवसभर माळावर तायवाच्या मागून चालत होती, दगडावरची चाल कड्याला शिकवण्यासाठी. दुपारपर्यंत दोघांनाही धाप लागली, आणि तायवा पुढे जाऊन त्यांची वाट बघत उभी राहायची. नव्या कड्यात पायाची ताकदही मोजली जाणार होती. माणूस फार वेळ पडून राहिलं, तरी दिवा लाल होणार होता.

"आणि एक बदल केलाय," अंगणात टॅब उघडत डॉक्टर म्हणाल्या. "तिसाच्या वर लाल, हे आम्ही ठरवलं होतं. आता प्रत्येकाचा आकडा वेगळा असेल. सुंद्राबाई, शंभरात किती धोका तुम्हाला चालेल, ते तुम्ही सांगायचं. त्याच्या वर गेलं, तरच घरच्यांना संदेश जाईल."

"हे मला इचारताय?" सुंद्राबाईनं आधी वनिताकडे, मग तायवाकडे पाहिलं.

"धा लिहा," सोपान पटकन म्हणाला. "धाच्या वर नको."

सुंद्राबाईनं मोकळ्या हातानं माळाकडे बोट केलं. "त्या बोरीपातूर जाऊन मेंढरांत बसायला जेवढा लागंल, तेवढा."

"आकड्यात सांगावं लागेल, आजी."

"आकडा मला काय कळतुया?"

डॉक्टरांचं बोट रकान्यावर थांबलं. रकाना एकच होता. त्यांनी वनिताकडे वळून विचारलं, "ताई, तुम्ही दोघांनाही ओळखता. काय लिहू?"

सोपान तिच्याकडे बघत होता, सुंद्राबाई माळाकडे. वनिताला चव्वेचाळिसावं वर्ष लागलं होतं. दुसऱ्याच्या पडण्याचा आकडा आपण सांगायचा, आणि उद्या आपल्या पायात कडं आलं, की आपला कोण सांगणार?