अंगारकीची चोवीस किलो खिचडी

गुन्हेगार सापडला, कबुलीजबाब झाला, खाली सहीसुद्धा झाली. वल्लरी तळपदेने नेहमीप्रमाणे बरोबर नाव घेतलं आणि शंतनूने नेहमीप्रमाणे चुकीचं.

पण हे तुम्ही वाचलेलं नाही. असं काही अजून झालेलंच नाही. बुधवारचे सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि ठाकूरद्वारच्या दुसऱ्या मजल्यावर, ‘वल्लरी तळपदे, खासगी तपास’ अशी पितळी पाटी लावलेल्या दारातून एक बाई आत येतायत. पाटीखाली शंतनूचं नाव स्टिकरवर आहे. स्टिकरचा एक कोपरा सुटलाय. पितळेचे कोपरे सुटत नाहीत, हे शंतनूला रोज सकाळी दिसतं.

“माझ्या खिचडीचा खून झालाय,” बाई म्हणाल्या.

“बसा,” वल्लरी म्हणाली. “कधी?”

“काल. साडेअकरा ते बाराच्या मध्ये.”

“साक्षीदार?”

“एकशे सतरा. सगळे सातवीच्या आतले.”

शंतनूने वही उघडली आणि ‘संशयित – एकशे सतरा’ असं लिहिलं.

बाईंचं नाव बकुळा कांदळगावकर. करी रोडला त्यांचा आठ जणींचा बचत गट. लालबागच्या एका छोट्या अनुदानित शाळेतलं दुपारचं जेवण हा गट शिजवतो. गेले अकरा महिने एक आरोग्यसंस्था तिथे पाहणी करत होती : मुलांना जवळच्या बायकांच्या हातचं जेवण जास्त जातं, की दूरच्या मोठ्या स्वयंपाकगृहातून यंत्रावर शिजून आलेलं? मुलं ज्याचं जास्त खातील, तेच धोरण पुढे चालू. निम्मे गुण अकरा महिन्यांना, निम्मे शेवटच्या दिवसाला.

“एका दिवसाला निम्मे?” शंतनूने विचारलं.

“शेवटी शेवटी आमच्या हाताला ढिलाई येते का ते बघायचं होतं त्यांना. तो शेवटचा दिवस म्हणजे काल. पोरांनी घास घेतला आणि थू थू करत नळावर पळाली. खारट! माझी खिचडी, खारट! आज पाचला अहवाल जातोय. गेला की टोप, शेगडी सगळं विकायचं आणि आठ जणींनी घरी बसायचं.”

“काल तुम्ही स्वतः चव घेतली होती?”

“काल अंगारकी. उपास होता. पण बाई, बावीस वर्षं झाली, मीठ माझ्या हाताला कळतं, जिभेला नाही.”

वल्लरीने चपला घातल्या.

*

टॅक्सी आधी करी रोडला थांबली. गटाच्या स्वयंपाकघरात सुंदराबाई उद्याचे तांदूळ निवडत होत्या. बकुळाबाईंच्या आधी गटाच्या प्रमुख त्याच होत्या.

“माका काय विचारतंस?” त्या वल्लरीला म्हणाल्या. “मी प्रमुख होते तेव्हा पोरं ताट चाटायची. हिच्या वेळी नुसती संपवतात.”

“काल टोप इथून कधी निघाला?”

“सव्वादहाला. नमुना काढला, डब्याला कागद चिकटवला. टोपावर फडकं बांधलं, गाठ मी मारली. मग आम्ही सगळ्या इथेच. उपासाचे बटाटे सोलीत होतो.”

नमुन्याचा नियम साधा होता : रोजच्या जेवणातली एक वाटी डब्यात बंद करून चोवीस तास ठेवायची. कालचा डबा फ्रिजमध्ये होता. वल्लरीने कागद फाडला, एक चमचा खाल्ला आणि दुसरा घेतला.

“पुरावा आहे,” शंतनू म्हणाला. “सगळा खाऊ नकोस.”

“मीठ अगदी बरोबर आहे,” वल्लरी म्हणाली आणि तिसरा घेतला.

टॅक्सीत बसल्यावर शंतनूने जाहीर केलं, “सुंदराबाई. सरळ मत्सर आहे. मी ओळखतो मत्सर.”

“तू नक्कीच ओळखत असशील,” वल्लरी म्हणाली.

*

शाळेच्या व्हरांड्यात सिद्धार्थ कांबळे वजनकाट्यापाशी बसला होता. वरळीच्या बीडीडी चाळीतला मुलगा, आहारशास्त्रात पदवी, संस्थेचा निरीक्षक. समोर अंडा-भुर्जी पाव. डोळे सुजलेले.

“मुलांना जेवण मिळतं का, हे सगळेच मोजतात,” तो म्हणाला. “ते पोटात जातं का, हे आम्ही मोजतो. ताटात उरलेलं सगळं काट्यावर. काल वाढलं तीस किलो, परत आलं चोवीस. दादरच्या शाळेत दुसरी निरीक्षक आहे, नूपुर. तिथे मोठ्या स्वयंपाकगृहाचं जेवण येतं. तिच्याकडे काल चार टक्के उरलं. चार! तिने मला हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं.”

“मग तुला कोण जिंकायला हवं होतं?”

“बकुळाबाई! अकरा महिने मी परिसंवादासाठी निबंध लिहितोय. ‘जवळचा हात, रिकामं ताट.’ आता तो नूपुर वाचणार.”

“तू खिचडी चाखली नाहीस?”

“निरीक्षकाने अन्नाला हात लावायचा नाही, नियम आहे. सव्वाअकराला मीच टोपाची गाठ सोडली, पण झाकण उघडलं नाही. आणि काल सगळेच माझ्यावर का रागावले होते कोणास ठाऊक. मी शाळाभर भुर्जी विचारत फिरलो. कोणी घेईना. मुख्याध्यापक तर दोन पावलं मागे सरकले. माझं काही चुकलं का?”

वल्लरीने विचारलं, “उरलेलं ठेवलंयस?”

सिद्धार्थने बर्फाच्या पेटीतून पिशवी काढली. वल्लरीने ती शंतनूपुढे केली.

“मी का?” शंतनू म्हणाला.

“मी नमुना खाल्ला ना.”

शंतनूने घास घेतला. त्याच्या तोंडात काहीतरी कर्रकन वाजलं. पुढचं एक मिनिट तो नळावर होता.

“खडे!” तो ओरडला. “जाड्या मिठाचे खडे आहेत!”

वल्लरी तोपर्यंत सिद्धार्थचा तक्ता वाचत होती. “हजर मुलं एकशे अठरा. ताटं एकशे सतरा?”

“बेरीज चुकली असेल,” तोंड पुसत शंतनू म्हणाला.

“माझ्या बेरजा चुकत नाहीत,” सिद्धार्थ दुखावून म्हणाला. “अकरा महिन्यांत पहिल्यांदाच एका मुलाने ताट घेतलं नाही. पाचवीतला आहे. डबा आणला होता म्हणे. थालीपीठ.”

*

मुख्याध्यापक बुधाजी चौकेकर यांच्या टेबलावर चव नोंदवही होती. जेवण वाढण्याआधी मुख्याध्यापक आणि पालकांचा एक प्रतिनिधी यांनी ते चाखायचं आणि शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे.

“मी स्वतः चाखलं,” चौकेकर म्हणाले. “उत्तम होतं. लिहिलंय तसं.”

वल्लरीने वही पाहिली. मंगळवार : ‘चव उत्तम. बु. चौकेकर.’ बुधवार : ‘चव उत्तम. बु. चौकेकर.’ तिने घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. आजच्या टोपाची गाठही अजून सुटली नव्हती. तिने पान उलटलं.

“सर, शुक्रवारचीही चव उत्तम आहे.”

“आमचा बकुळाबाईंवर विश्वास आहे,” चौकेकर म्हणाले.

“ही वही कोणी बघतं का?”

“देवाच्या कृपेने आजवर कोणीही नाही.” त्यांनी वही हळूच आपल्याकडे ओढली. “परळच्या शाळेला गेल्या वर्षी आदर्श आहार पुरस्कार मिळाला. त्यांची वही आमच्याहून पातळ होती, मॅडम. पातळ!”

वल्लरीने वही पुन्हा स्वतःकडे ओढली. मंगळवारच्या ओळीत पालक प्रतिनिधीचा शेराही होता. नेटकं अक्षर : ‘चव चांगली. मीठ योग्य.’ खाली सही, मृणालिनी सामंत. तिने मागची पन्नास पानं चाळली. उत्तम, छान, गरम, जरा पातळ. मिठाबद्दल कुठेच काही नव्हतं.

*

मृणालिनी सामंत विमा कंपनीत काम करत होत्या. अर्धी रजा टाकून आल्या होत्या.

“टोप खोलीत ठेवला होता. साधारण सव्वाअकराला मी आत गेले, चमचाभर चाखली, सही केली,” त्या म्हणाल्या. “तेव्हा बरी होती.”

“खोलीत कोणी होतं?”

“कोणी नाही. सर बाहेरूनच ‘चालू द्या’ म्हणाले.”

“काल अंगारकीची गर्दी असेल ना देवळात?”

“अहो, गर्दी! पण मी एकही अंगारकी सोडत नाही. लग्नाआधीपासून. आमच्या इमारतीतल्या बायका दुपारीच साबुदाणा खातात. मी चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही नाही.”

“कमाल आहे,” वल्लरी म्हणाली. “आणि मुलगा?”

“अर्णव, पाचवीत.” त्यांचा आवाज मऊ झाला आणि लगेच कडक झाला. “खूप चांगला आहे. फक्त घरी जेवत नाही. दार उघडलं की पहिलं वाक्य ‘आज बकुळा मावशीने…’. मी तीन प्रकारची डाळ केली. हो का, म्हणतो. मावशीच्या डाळीला वास येतो, म्हणतो. दोन वर्षं झाली. मी डबा देणंच सोडून दिलं.”

*

साडेतीनला सगळे शिक्षकांच्या खोलीत जमले. बकुळाबाई, सुंदराबाई, चौकेकर, मृणालिनीबाई आणि काटा मांडीवर घेतलेला सिद्धार्थ. अहवाल जायला दीड तास होता.

“मी आधी सांगतो,” शंतनू म्हणाला. “सुंदराबाई.”

“तुझ्या तोंडात अजून थोडं मीठ घालू काय रे?” सुंदराबाईंनी विचारलं.

“नाही, सुंदराबाई नाहीत,” वल्लरी म्हणाली. “स्वयंपाकघरात काढलेला नमुना उत्तम आहे. फडक्याची गाठ शाळेत सुटली. आणि उरलेल्या खिचडीत मिठाचे अख्खे खडे आहेत. शिजताना घातलेले खडे विरघळले असते. म्हणजे मीठ इथे पडलं, गाठ सुटल्यावर आणि वाढण्याआधी.”

बकुळाबाईंनी पदराने डोळे टिपले. सुंदराबाईंनी त्यांच्याकडे न बघता त्यांना पाण्याचा पेला दिला.

“आता प्रश्न असा,” वल्लरी पुढे म्हणाली, “की चाखणाऱ्यांना ते कळलं कसं नाही? सोपं आहे. कोणी चाखलंच नाही. काल अंगारकी होती. सर, तुम्ही भुर्जीपासून दोन पावलं मागे सरकलात. डाळतांदळाची खिचडी तरी कशी चाखणार?”

चौकेकरांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.

“ज्याला मीठ घालायचं होतं त्याला दोन गोष्टी ठाऊक हव्या होत्या : काल अंगारकी आहे, आणि म्हणून कोणी चाखणार नाही. सिद्धार्थला त्या ठाऊक नव्हत्या. तो शाळाभर अंडी वाटत फिरला आणि लोक आपल्यावर रागावलेत असं समजला.”

“म्हणजे रागावले नव्हते?” सिद्धार्थने आशेने विचारलं.

“नाही. शिवाय त्याचा निबंधच बुडाला. मग सर?”

“सर!” शंतनू म्हणाला. “मी सुंदराबाईंच्या नंतर सरच म्हणणार होतो.”

“ज्यांच्या वहीत शुक्रवारपर्यंतची चव लिहिलेली आहे, ते ही वही कोणी उघडावी असं काही करतील? खिचडी बिघडली की चौकशी येते, आणि चौकशी आली की पहिली वही उघडते. काल खिचडी चांगली राहावी म्हणून या शाळेत सर्वांत जास्त प्रार्थना सरांनी केली असेल.”

चौकेकरांनी नकळत मान हलवली.

खोलीत एकच माणूस उरलं. मृणालिनीबाई पर्सची चेन उघडत आणि लावत होत्या.

“तुम्ही चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही,” वल्लरी शांतपणे म्हणाली. “तरी म्हणालात, चमचाभर चाखली. अकरा महिन्यांत या वहीत मिठावर कोणी एक शब्द लिहिला नव्हता. तुम्ही लिहिलात, कारण त्या क्षणी तुमच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पण तेवढ्यावर मी तुमचं नाव घेतलं नसतं. नाव घेतलं ते एका ताटावरून. दोन वर्षं तुम्ही डबा दिला नाहीत. काल दिलात. थालीपीठ सकाळी थापलंत. खिचडी तोवर शिजलीही नव्हती. ती आज खाण्यासारखी नसणार, हे सकाळी सातला या शहरात एकाच व्यक्तीला ठाऊक होतं. आणि तिला आपला मुलगा उपाशी राहायला नको होता.”

चेन लागली.

“त्याने संपवला,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “डबा. पूर्ण संपवला काल. दोन वर्षांनी मी रिकामा डबा घासला.” मग त्या एकदम बकुळाबाईंकडे वळल्या. “तुमच्या आठ घरांचा विचार माझ्या मनात आलाच नाही हो. मला फक्त एक दिवस हवा होता. त्या एका दिवसाला निम्मे गुण आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.”

“माझं ऐका,” बकुळाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला होता, पण तो रडण्याचा नव्हता. “तुमचा अर्णव रोज ताट घेऊन माझ्यापाशी येतो. काय सांगतो ठाऊक आहे? मावशी, बरं आहे, पण आईच्या थालीपीठाची सर नाही. रोज! मी आठ प्रकारची पिठं दळून आणली. माझ्या घरात आता कोणी थालीपीठाचं नाव काढत नाही. तुम्ही मीठ घातलंत. मी तुमच्या घराचा पत्ता विचारून ठेवला होता.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींनाही पहिल्यांदाच कळलं की जिच्यावर आपण जळतो ती आपल्यावर जळते. दोघींचे चेहरे त्याने किंचित उजळले, हे सांगायला नको.

“हे असं आहे तर,” चौकेकर घसा साफ करून म्हणाले, “काही घडलंच नाही असं आपण…”

“मग चोवीस किलो घडलं,” सिद्धार्थ म्हणाला. “तो आकडा पाचला जाणार. तो वगळायचा एकच रस्ता आहे. बाहेरच्या माणसाने अन्नात काही मिसळलं, असं त्या माणसाने स्वतः लिहून सही करून दिलं तर तो दिवस मोजणीतून बाद होतो. मग अकरा महिनेच उरतात. आणि अकरा महिन्यांत बकुळाबाई नूपुरच्या पुढे आहेत.” शेवटचं वाक्य म्हणताना त्याचे डोळे सुजलेले राहिले नाहीत.

“सही केली की तुमचं प्रतिनिधिपद जाईल,” वल्लरीने मृणालिनीबाईंना सांगितलं. “अर्णवलाही कधीतरी कळेल.”

मृणालिनीबाईंनी विमा कंपनीचं पेन काढलं. वीस वर्षं अर्ज तपासण्यात गेली होती. अर्ज कसा लिहायचा, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. शंतनूने साक्षीदार म्हणून सही करायला कागद हातात घेतला. आपल्या नावाला अखेर पक्की शाई मिळतेय म्हणून तो खूश होता. त्याने कागद मोठ्याने वाचला :

‘प्रति, मा. मूल्यमापन अधिकारी. विषय : मंगळवारच्या खिचडीतील मिठाबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळविते की, दि. अंगारकी रोजी सदर खिचडीत एक किलो जाडे मीठ मी स्वतः, कोणाच्याही दबावाविना, केवळ मत्सरापोटी घातले. स्वयंपाक करणाऱ्या गटाचा त्यात काहीही दोष नाही. सबब सदर दिवस मोजणीतून वगळावा.

तसेच, आपल्या निरीक्षकाने संस्थेच्या काट्यासह दररोज रात्री साडेआठ वाजता माझ्या राहत्या घरी उपस्थित राहून, माझ्या मुलाच्या ताटात उरलेल्या अन्नाचे वजन करावे, व त्याचा तुलनात्मक अहवाल मला दरमहा सीलबंद पाकिटात देण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.’