पुरानंतरचे अकरा आठवडे

२०६१ साली एचआयव्हीच्या रुग्णाला ‘औषध वेळेवर घेता ना?’ असं कुणी विचारत नसे. काळवाचन यंत्राला रक्ताचे चार थेंब पुरत. मागच्या वीस वर्षांत शरीराला औषध नेमकं कोणत्या आठवड्यांत कमी पडलं, ते यंत्र कागदावर छापून देई.

भरमा चौगुले यांचा कागद डॉ. हेमलता ऐनापुरे यांच्यासमोर होता. भरमा सांगलीजवळच्या एका गावात विहिरींच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देत. त्यांचा आजार अनेक वर्षं आटोक्यात होता. यंदा रोजच्या गोळीऐवजी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं आणि दोन महिन्यांतच विषाणू उसळला.

“इंजेक्शनच खराब निघालं का, मॅडम?”

“इंजेक्शन चांगलं आहे, चौगुले. पण तुमच्यातल्या विषाणूची त्याच्याशी जुनी ओळख आहे. हा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना सारख्या चुका करतो. औषध पुरेसं असलं की प्रतीच निघत नाहीत. मात्र औषध अधूनमधून घेतलं, तर साध्या प्रती मरतात आणि चुकून जिच्यावर औषध चालत नाही, ती एखादी प्रत मोकळ्या रानात वाढते. अशा काही प्रती पेशींमध्ये वर्षानुवर्षं झोपून राहतात. यंत्र त्यांचं वय वाचतं.”

“मग आमची कधीची?”

“२०४९. ऑगस्ट ते ऑक्टोबर, अकरा आठवडे. आठवड्याला जेमतेम दोन गोळ्या. पुढे तुम्हाला वेगळ्या प्रकारची गोळी मिळाली, म्हणून हे झाकून राहिलं. हे इंजेक्शन त्या जुन्या गोळीच्याच जातीचं आहे.”

भरमांनी दाराकडे पाहिलं. बाहेर त्यांची बायको कस्तुरी स्वतःच्या कागदाची वाट बघत बसली होती. तिलाही हाच आजार होता.

“तिनं विचारलं तर हलगर्जीपणा केला म्हणून सांगा,” ते हळू आवाजात म्हणाले. “पुरात दवाखाना बुडाला, रस्ते तुटले. दोघांत मिळून एकाला पुरून थोड्याच वर राहतील एवढ्या गोळ्या उरल्या होत्या. तिला पाचवा महिना होता. तिची गोळी चुकली तर बाळाला धोका आहे, हे आधीच सांगितलेलं. मी म्हटलं, मला छावणीतनं वेगळ्या मिळाल्यात. पहाटे गाळ काढायला जायचो आणि कामावर घेतली म्हणून सांगायचो.”

“मग आठवड्याच्या त्या दोन गोळ्या?”

“दोन दिवस घरी असायचो. मी गिळल्याशिवाय ती स्वतःची घ्यायची नाही.”

“तुमचा कागद तुमचा. माझ्याकडून तो बाहेर जाणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

भरमा बाहेर जाऊन बसले आणि कस्तुरी आत आली. तिचा कागद कोरा होता.

“ह्यात काहीच कसं नाही?”

“म्हणजे तुमचा एकही आठवडा चुकलेला नाही.”

“पुराच्या सालीसुद्धा?”

“नाही.”

कस्तुरी कागदाकडे बघत राहिली. “आणि ह्यांच्या कागदावर पुराचं साल आहे?”

डॉक्टरांनी टेबलावरचा भरमांचा कागद उलटा करून ठेवला. कस्तुरीला तेवढं पुरलं. कागद हातात घेऊन ती बाहेर गेली आणि नवऱ्याशेजारी बसली.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू निम्म्या-निम्म्या केल्या असत्यास.”

“केल्याच असत्या.”

“मग झालं तर.”

बाकं माणसांनी भरलेली होती. लग्नाला वीस वर्षं झाली, पण चारचौघांत तिनं कधी नवऱ्याचा हात धरला नव्हता. तो आता दोन्ही हातांनी धरला. “तेव्हा पोटात होती ती श्रेया काल कबड्डीत पाच गडी बाद करून आली,” ती म्हणाली. “रक्त तपासलं तेव्हा स्वच्छ निघाली, ती देवाची कृपा म्हणून मी दरवर्षी नारळ फोडत आले. तुमचं नावसुद्धा घेतलं नाही कधी.”



डॉक्टर नव्या औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर आल्या. या गोळ्या रोज तीन वेळा, जन्मभर घ्यायच्या होत्या, पण लागू पडणार होत्या.

“मॅडम,” कस्तुरीनं विचारलं, “ह्यांनी तेव्हा एकही गोळी घेतली नसती तर?”

डॉक्टरांनी टाळायचा विचार केला, पण ती थेट त्यांच्याकडे बघत होती. “विषाणू वाढला असता. पण औषध अंगात नसतं, तर त्याला दाद न देणारी प्रत बहुधा माजली नसती. इंजेक्शन चाललं असतं.”

“म्हणजे मी समोर बसून घ्यायला लावल्या, त्यांनीच घात केला.”

“हे कशाला सांगितलंत हिला?” भरमा पहिल्यांदाच चिडले.

“सांगू द्या,” कस्तुरी म्हणाली. “तुम्ही काय दिलंत ते आत्ता कळलं मला. त्यात माझ्यामुळे तुमचं किती गेलं, तेही कळू दे. त्याशिवाय तुमचे उपकार पुरते मानता यायचे नाहीत मला.”

हात न सोडता ती उठली आणि त्यांना घेऊन औषधांच्या खिडकीकडे निघाली.